तोफा आहेत, वेढा नाही : स्कॉटलंडमधला कलेन कॅसल

गुरुवार : ग्लासगोहून एअरला

ग्लासगो सेंट्रलहून निघालेली गाडी तासाभराच्या आत एअरला पोचवते. उजव्या हाताची खिडकी पकडावी. ट्रूनच्या अलीकडे-पलीकडे गोल्फची मैदानं आणि त्यांच्या मागून डोकावणारा समुद्र बराच वेळ सोबत करतात. बाकी प्रवासात सांगण्यासारखं काही नाही.

आम्ही तिघी होतो. मी, माझी थोरली बहीण आणि ग्लासगोत शिकणारी तिची लेक. एडिंबराच्या चढांपुढे ताईच्या गुडघ्यांनी हात टेकले होते, त्यामुळे आता "चढ नसलेला किल्ला" बघायचा असं तिनं जाहीर करून टाकलं होतं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या बाईनं असा किल्ला मागावा हेच मुळात नवल! पण भाचीनं तोही शोधून काढला. एअरच्या दक्षिणेला, क्लाइडच्या खाडीवरच्या कड्यावर बांधलेला कलेन कॅसल. भोवती बागा आणि अडीचशे हेक्टरांहून मोठं कंट्री पार्क. स्पेलिंगमध्ये एक झेड आहे, तो बोलताना गिळायचा. बसवाल्याला नुसतं 'कलेन' म्हटलं की पुरतं.

न्याहारीसह खोली देणाऱ्या एका घरात उतरलो होतो. घरमालकीणबाई सत्तरीच्या. आमचा बेत ऐकून त्यांनी तो लगेच उलटा केला. "उद्या पाऊस आहे, उद्या आतलं बघा. परवा ऊन आहे, बागा परवा." मोबाईलवरचे अंदाज तासातासाला बदलत होते, बाईंचा शब्द बदलला नाही आणि तो तंतोतंत खरा ठरला. इकडे येणाऱ्यांनी एवढं जरूर करावं : कॅसलसाठी एक आणि बागांसाठी एक असे दोन दिवस मोकळे ठेवावेत आणि कुठला कधी, ते आदल्या संध्याकाळी ठरवावं.

संध्याकाळी एअरच्या चौपाटीवर गेलो. मेचा तिसरा आठवडा होता, रात्री साडेनऊलाही छान उजेड होता. समोर पाण्यापलीकडे अ‍ॅरन बेटाचे डोंगर. कागदात बांधलेलं फिश अँड चिप्स घेऊन कठड्यावर बसलो. ताईचा गुरुवार, म्हणून तिच्या वाट्याला फक्त चिप्स, त्यांतल्याही चार-पाच एका सीगलनं थेट हातातून पळवल्या. "दत्ताला नैवेद्य पोचला," म्हणून तिनं ते मिटवलं. तळणी मात्र मासे आणि बटाटे यांची एकच असते बरेचदा, आणि काही दुकानांत ती चरबीची असते. काटेकोर शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या. विचारलेलं कुणाला वावगं वाटत नाही.

शुक्रवार : कॅसल

सकाळची बस आलीच नाही. फलकावर होती, मग 'उशीर' झाली, मग फलकावरूनच नाहीशी झाली. पुढची तासाभरानं. पावसात बसथांब्याच्या आडोशाला एक निवृत्त शिक्षिका भेटल्या, त्या गर्वनला बहिणीकडे निघाल्या होत्या. कलेनला चाललोय म्हटल्यावर त्या पर्समध्ये नोट शोधू लागल्या. मग म्हणाल्या, आता नाही मिळायची. रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडच्या पाच पौंडांच्या नोटेमागे १९८७ पासून कलेनचं चित्र असायचं, २०१६ मध्ये प्लास्टिकच्या नोटा आल्या आणि ते गेलं. "आमचा कॅसल खिशातून गेला," असं त्या म्हणाल्या. समुद्रात एल्सा क्रेग नावाचं घुमटासारखं बेट आहे, ते दिसतंय का बघा, हेही त्यांनीच सांगितलं. दिसलं तर पाऊस येणार आणि नाही दिसलं तर पाऊस आलाय असं समजायचं. त्या दिवशी बेट दिसत नव्हतं.

बस मोठ्या रस्त्यावरच्या फाटकाशी सोडते. तिथून कॅसलपर्यंत मैलभर चालावं लागतं. रस्ता झाडीतून जातो आणि चढ म्हणावा असा नाही, पण गुडघे दुखणाऱ्यांनी आणि लहान मुलं बरोबर असणाऱ्यांनी हे मैलभर जाताना एकदा आणि येताना एकदा हिशोबात धरावं.

झाडी संपता संपता एक पडकी कमान लागते. भिंत ढासळलेली, दगडांच्या फटीतून झुडपं. आम्ही तिघींनी सराईतपणे माना वर केल्या. नगारखाना असेल, वरून टेहळणी करत असतील, असं मी बोलूनही गेले. भाचीनं तिथला फलक वाचला आणि हसायलाच लागली. "मावशी, ही पडलेली नाही, पडकीच बांधलीय." खरंच तसं होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुशिल्पकारानं पाहुण्यांच्या घोडागाडीला वाटेत काहीतरी प्राचीन दिसावं म्हणून हे भग्नावशेष कोरे करकरीत बांधून घेतले. कमानीपुढे तटबंदीच्या दातऱ्यांनी सजवलेला लांब पूल आहे, तोही त्याच नाटकाचा भाग. ताई छत्री सावरत म्हणाली, "आपल्याकडे पडके बुरूज फुकट पडलेत, आणि यांनी पैसे मोजून पाडून घेतलेत."

पुढचे दोन तास हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण कलेनमधलं सगळंच तसं आहे. बुरूज आहेत, जंग्या आहेत, समुद्राकडे तोंड करून तोफा मांडल्या आहेत. पण या वास्तूला वेढा पडावा अशी वेळच इथे उरली नव्हती. जुना मनोरा होता सोळाव्या शतकातला, केनेडी घराण्याचा. त्याला पोटात घेऊन त्या घराण्याच्या दहाव्या अर्लसाठी (अर्ल हा उमरावाचा किताब), म्हणजे डेव्हिड केनेडींसाठी, अ‍ॅडमनं १७७७ ते १७९२ या काळात हा वाडा उभा केला. ब्रिटनच्या भूमीवरची शेवटची मोठी लढाई कलोडनची, ती १७४६ मध्येच होऊन गेलेली. ही सालं वाचली की साताऱ्याच्या माणसाच्या डोक्यात दुसरी सनावळी आपोआप चालू होते. वडगावची लढाई १७७९. सालबाईचा तह १७८२. महादजी शिंदे पुण्यात आले १७९२. आपल्या गडांवर तेव्हा खरी शिबंदी होती, कोठारांत खरी दारू होती, आणि ज्या इंग्रजांशी आपण लढत होतो त्यांच्याच राज्यात एक अर्ल बुरूज शोभेला लावत होते. अ‍ॅडम आणि दहावे अर्ल दोघेही १७९२ मध्येच वारले. एवढं बांधून घेतलं, आणि पुरं झाल्यावर उपभोगायला फारसं मिळालं नाही.

आत शिरल्याशिरल्या शस्त्रांची खोली आहे. भिंतीवर पिस्तुलांची वर्तुळं, तलवारींचे पंखे, संगिनींच्या ओळी. यातली बरीच शस्त्रं बाराव्या अर्लनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टॉवर ऑफ लंडनमधून विकत आणून अशी मांडली. तिथे उभे असलेले स्वयंसेवक सूट-टायमधले आजोबा होते. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ही संस्था हा वाडा सांभाळते आणि खोल्याखोल्यांत असे निवृत्त लोक हौसेनं उभे असतात. त्यांना प्रश्न विचारावेत. माहितीफलक वाचत पुढे सरकणाऱ्यांना ते नुसतं हसून दाखवतात, प्रश्न विचारणाऱ्याला मात्र सोडत नाहीत.

आजोबांनी आम्हाला सोडलं नाही. ताईसाठी खुर्ची आणली आणि मग घराण्याची कुळकथा सुरू झाली. दहाव्या अर्लना मूल नव्हतं, त्यामुळे मालमत्ता गेली न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या आरमारी कॅप्टन नातेवाइकाकडे. त्यांचं तिकडचं घर होतं १, ब्रॉडवे या पत्त्यावर! त्यांचा मुलगा म्हणजे पिस्तुलं आणणारे बारावे अर्ल, पुढे १८३१ मध्ये ते एल्साचे मार्क्विस झाले. बेटाचं नाव किताबाला.

मग जिना. कॅसलमध्ये एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर हा जिना बघावा. जुन्या मनोऱ्याचा भाग आणि समुद्राकडचा नवा भाग यांच्यामध्ये अंधारी जागा उरली होती, तिथे अ‍ॅडमनं लंबवर्तुळाकार जिना बसवला आणि वर काचेचं छत. बाहेर धो धो पाऊस असूनही जिन्यात दूध सांडल्यासारखा उजेड होता. खांबांत एक गंमत आहे. नेमानं साधे आयोनिक खांब खाली आणि पानाफुलांचे कोरिंथियन खांब वर यायला हवेत. इथे उलटं केलंय, नक्षीचे पहिल्या मजल्यावर, साधे त्याच्या वर. त्यामुळे जिना आहे त्याहून उंच भासतो, असं आजोबांचं म्हणणं. ते सोबतच आले होते, आपली खोली दुसऱ्याला सोपवून.

जिन्यावरून गोल दिवाणखान्यात जातो. गोल खोली, गोल गालिचा, फिकट रंगांचं नक्षीदार छत, आणि खिडक्यांबाहेर थेट कडा आणि समुद्र. आत चहाचे नाजूक पेले, बाहेर लाटा खडकावर आपटताहेत. मला वाटतं अ‍ॅडमला खरा आनंद या खोलीचा झाला असणार. बाकी बुरूज-जंग्या ही तिथपर्यंत पोचायची प्रस्तावना. ताईला मात्र सगळ्यात आवडला तो होडीच्या आकाराचा पाळणा. तिसऱ्या मार्क्विसना जहाजबांधणीचं वेड होतं, ट्रूनचा एल्सा जहाज कारखाना त्यांचाच. पाळणाही मग होडीचाच.

सगळ्यात वरचा मजला मात्र बघता येत नाही, तिथे आता राहण्याच्या खोल्या आहेत. १९४५ मध्ये पाचव्या मार्क्विसनी वाडा नॅशनल ट्रस्टला देऊन टाकला, तेव्हा एक अट घातली : वरच्या मजल्यावरचं घर जनरल आयझेनहॉवरना हयातभर वापरायला द्यायचं. दुसऱ्या महायुद्धात दोस्त फौजांचं नेतृत्व केल्याबद्दल स्कॉटलंडकडून ही भेट. ते १९४६ मध्ये पहिल्यांदा आले, एकूण चारदा राहिले, त्यांतलं एकदा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असताना, १९५९ मध्ये. म्हणजे खऱ्या युद्धाचा सेनापती या खोट्या किल्ल्यात आला तो विश्रांतीला. आजोबा लहानपणी रस्त्यावर उभे राहून त्यांची गाडी बघायला गेले होते. "हात केला का त्यांनी?" भाचीनं विचारलं. "मला नाही. माझ्या कुत्र्याला केला."

निघताना मी सहज विचारलं की नोकरचाकर कुठे राहायचे. आजोबा थांबले. मग त्यांनी सिपिओ केनेडीबद्दल सांगितलं. आफ्रिकेतून लहान वयात पकडून गुलाम केलेला मुलगा. वेस्ट इंडीजमार्गे स्कॉटलंडला आला आणि लग्न करून कलेनला आलेल्या सुनेबरोबर इथे. १७२५ मध्ये त्याला लेखी मुक्त केलं, पण त्याच कागदात पुढची १९ वर्षं इथेच चाकरी करण्याचा करार. इथल्याच मुलीशी लग्न केलं, मुलं झाली, याच इस्टेटीत घर बांधून राहिला. १७७४ मध्ये वारला, हा नवा वाडा सुरू होण्याच्या तीन वर्षं आधी. "कर्कऑस्वाल्डच्या जुन्या चर्चच्या आवारात दगड आहे त्याचा," ते म्हणाले. "जमलं तर जाऊन या."

जेवण जुन्या तबेल्याच्या बाजूच्या उपाहारगृहात. कलन स्किंक म्हणजे धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा आणि दूध यांचं दाट सूप. थंडीत भिजून आल्यावर याच्यासारखं दुसरं काही नाही. ताईला मसुराचं सूप आणि स्कोन. स्कॉटलंडमध्ये शाकाहारी माणसाचे दिवस सूप आणि स्कोनवर निघतात आणि वाईट निघत नाहीत. अर्थात तिनं पर्समधून तिखटाची पुडी काढलीच.

शनिवार : बागा आणि रान

ऊन! घरमालकीणबाईंनी न्याहारीच्या टेबलावर नुसत्या भुवया उंचावल्या. बस वेळेवर आली. आणि मैलभर चालून झाडीबाहेर आलो तर समोर अ‍ॅरन, आणि डावीकडे लांब ते एल्सा क्रेग, पाण्यातून सरळ वर उठलेलं. ३३८ मीटर उंच ग्रॅनाइट. बर्फावर घसरवायचे ते कर्लिंगचे दगड याच बेटाच्या ग्रॅनाइटचे, ऑलिंपिकमधलेसुद्धा. दिसलंय म्हणजे पाऊस येणार, हे आठवून आम्ही छत्र्या बरोबर ठेवल्या.

तिकिटाबद्दल इथेच सांगते. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडच्या आणखी दोन-तीन वास्तू बघायच्या असतील तर सुट्या तिकिटांपेक्षा वर्षाचं सभासदत्व कधीकधी स्वस्त पडतं, गणित करून बघा. कंट्री पार्क बारमाही आहे, कॅसलची आतली दालनं मात्र हिवाळ्यात बहुतेक बंद असतात. ऑक्टोबरनंतर येणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

कॅसलच्या दक्षिण बाजूला खाली उतरत गेलेली फाउंटन कोर्टची बाग आहे. मधोमध कारंजं, कडेनं फुलांचे वाफे आणि मागे तो बुरुजांचा पडदा. इथे आम्हाला चक्क ताडासारखी झाडं दिसली. कोकणातून उचलून आणल्यासारखी नव्हेत, न्यूझीलंडकडची कॉर्डिलाइन, पण या अक्षांशावर तीही नवलाचीच. अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह या किनाऱ्याला कडाक्याच्या गोठण्यापासून वाचवतो, आणि माळी लोक त्याचा पुरेपूर फायदा घेतात.

खरा वेळ गेला तो भिंतींच्या आतल्या बागेत. ही कॅसलपासून बरीच लांब आहे. उंच विटांच्या भिंती दिवसभर ऊन शोषतात आणि वाराही अडवतात, म्हणून फळझाडं भिंतीला टेकवून पसरवून वाढवलेली. बागेचे दोन भाग, एक फुलांचा, दुसरा भाजीपाला-फळांचा, आणि व्हिक्टोरियन पद्धतीचं काचेचं द्राक्षघर. द्राक्षं म्हटल्यावर ताई आत शिरली ती बाहेर येईना. तिच्या सासरी तासगावकडे द्राक्षबागा आहेत. आत एक तरुण माळीणबाई वेली बांधत होत्या. ताईचं इंग्रजी बेताचं, त्या बाईंचं एअरशरच्या वळणाचं, पण छाटणीवर दोघींची अर्धा तास चर्चा झाली, बोटांच्या खुणांनी. कुठला डोळा ठेवायचा, कुठला काढायचा. घड विरळ कधी करायचे. इथे काचेखाली वर्षातून एकच छाटणी, थंडीत. ताईनं दोन बोटं दाखवून सांगितलं, आमच्याकडे दोनदा, एप्रिलात आणि ऑक्टोबरात. माळीणबाईंनी कात्री खाली ठेवली आणि वहीत लिहून घेतलं. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "पोरगी हुशार आहे, पण वेलीला लाडावलंय."

तिथून तळ्याकडे जाणारी वाट रानातून जाते आणि हे रान मेमध्ये बघावं. झाडांखाली ब्लूबेलचा निळा बहर ओसरत आला होता, पण ऱ्होडोडेंड्रॉन ऐन भरात. आणि अचानक लसणाचा वास! इतका दणदणीत की कुणीतरी फोडणी घातलीय असं वाटावं. जमिनीवर पांढऱ्या चांदणीसारख्या फुलांची गालिचाभर पानं पसरली होती. हा रानलसूण, इकडे त्याची चटणी करतात. ताईनं एक पान हातावर चुरून वास घेतला आणि पिशवी उघडली. भाचीनं तिला दंडाला धरून पुढे नेलं.

एक सूचना : गवतातून, नेच्यांतून चालणार असाल तर पाय झाकलेले ठेवा आणि संध्याकाळी टिक म्हणजे गोचीड चिकटलीय का बघा. स्कॉटलंडच्या रानात हे सगळीकडेच करावं.

हंसांचं तळं शांत आहे, भोवतीची वाट सपाट आहे, ढकलखुर्चीही नेता येते. जवळच एक चिनी थाटाचा छोटा पॅगोडा आहे, तिथे पूर्वी माकडं ठेवत असं सांगतात. कॅमेलिया हाउस हे १८१८ चं काचघर त्याहून देखणं, उंच टोकदार खिडक्यांचं. कॅमेलियाचा बहर मात्र संपला होता. पलीकडे कुंपणात तांबूस हरणांचा कळप. गावातल्या पोराटोरांनी, सायकलींनी, कुत्र्यांनी पार्क भरून गेलं होतं. १९६९ मध्ये हे स्कॉटलंडमधलं पहिलं कंट्री पार्क म्हणून जाहीर झालं. एका अर्लच्या शिकारीच्या आणि फेरफटक्याच्या रानात आता जवळच्या मेबोल गावची पोरं फुटबॉल खेळतात, आणि अ‍ॅडमनंच आखलेलं शेतीवाड्याचं चौकोनी आवार हे पार्कात येणाऱ्यांचं स्वागतकेंद्र झालंय.

दुपारी समुद्रावर उतरलो. उतरण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघून घ्यावी, ओहोटीला कड्याखालून बरंच चालता येतं. कॅसलच्या थेट पोटाखाली गुहा आहेत. तिथे आपले आपण जाता येत नाही, मार्गदर्शकाबरोबरच जायचं. अठराव्या शतकात या किनाऱ्यावर चहा, तंबाखू, ब्रँडी असा चोरटा माल उतरायचा. वर चहाचे पेले आणि खाली चहाची चोरटी पोती, हे चित्र मला फार आवडलं. एका गुहेची दंतकथाही आहे. आत भूत नाही हे दाखवायला एका पायपरला, म्हणजे मशकवाद्य वाजवणाऱ्याला, वाजवत वाजवत आत धाडलं. आवाज दूर दूर जात थांबला. तो परत आला नाही. वादळी रात्री त्याचं वाजवणं ऐकू येतं म्हणतात. कुत्र्याला फिरवायला आलेल्या एका बाईंना विचारलं, तुम्ही ऐकलंय का? त्या म्हणाल्या, "इथे वारा इतका असतो की ऐकायचं म्हटलं तर सगळंच ऐकू येतं."

किनाऱ्यालगत जुनं गॅसघर आहे. कोळशापासून गॅस करून तो नळानं वर नेत आणि त्यावर कॅसलचे दिवे लागत. गॅसचे दिवे आणणारा विल्यम मर्डॉक याच एअरशरमधला, त्यानं कॉर्नवॉलमध्ये आपलं घर गॅसनं उजळलं तेही १७९२ मध्येच. त्या सालानं आमचा पिच्छा पुरवला होता.

परतताना दुकानातून टॅबलेट घेतलं. साखर, लोणी आणि आटवलेलं दूध यांच्या रवाळ वड्या. ताईनं एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि निकाल दिला : "कंदी पेढाच आहे, फक्त भाजायला विसरलेत." पाऊस आला तो बसमध्ये चढल्यावर. एल्सा क्रेगनं शब्द पाळला.

रविवार : डन्यूर आणि कर्कऑस्वाल्ड

रविवारी बस कमी, म्हणून घरमालकीणबाईंच्या ओळखीची टॅक्सी अर्ध्या दिवसासाठी ठरवली. तिघींत विभागून परवडली. चालक मेबोलचे. तिथे पूर्वी चपला-बूट करण्याचा मोठा धंदा होता, त्यांचे आजोबा-पणजोबा त्यातच होते. त्यांनी सगळ्यात आधी तिघींच्या पायांकडे बघितलं आणि फक्त भाचीच्या बुटांना पसंती दिली.

डन्यूर हे लहानसं मासेमारी बंदर, आणि खडकावर केनेडींच्याच जुन्या किल्ल्याचे अवशेष. हा पडका बांधलेला नाही, पडलाय. वाऱ्यात उभ्या दोन-तीन भिंती, खाली दगडी कमानीचं तळघर, बाजूला मधाच्या पोळ्यासारखं गोल कबुतरखान्याचं बांधकाम. तिकीट नाही, पहारा नाही. १५६३ मध्ये स्कॉट राणी मेरी इथे मुक्कामाला होती. आणि १५७० मध्ये चौथ्या अर्लनं क्रॉसरॅगल मठाच्या प्रमुखाला, अ‍ॅलन स्टुअर्टला, इथे आणून कोंडलं आणि मठाच्या जमिनी लिहून द्याव्यात म्हणून आगीवर भाजलं. तक्रार प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळापर्यंत गेली, जमिनी मात्र अर्लकडेच राहिल्या. ताई तळघराच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली, "हा खरा किल्ला." तिच्या आवाजात कौतुक नव्हतं.

त्याच घराण्यानं दोनशे वर्षांनी तो गोल दिवाणखाना बांधला. दोन्ही ठिकाणं बघायचा बेत असेल तर आधी डन्यूर बघा आणि मग कलेन, असं मी म्हणेन. आमचा क्रम उलटा झाला, त्यामुळे ते चहाचे पेले मला मागाहून आठवत राहिले.

पुढे इलेक्ट्रिक ब्रे. लेहजवळच्या मॅग्नेटिक हिलसारखाच दृष्टिभ्रमाचा रस्ता. उतार वाटतो तिथे चढ असतो. टॅक्सीवाल्यांनी मागचे दिवे लुकलुकत ठेवले, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, आणि ती चढावर आपणहून सरकू लागली. वीज-चुंबक काही नाही, भोवतालच्या जमिनीच्या कलामुळे डोळा फसतो. नाव मात्र वीज नवलाची होती तेव्हापासून चिकटलंय. मागून गाड्या येत असतात, त्यामुळे हे आपण करताना फार जपून.

कर्कऑस्वाल्डचं जुनं चर्च बिनछपराचं आहे. आवारात रॉबर्ट बर्न्सच्या कवितेत गेलेले दोन गावकरी पुरलेत, त्यांच्या थडग्यांकडे बाण दाखवलेत. सिपिओचा दगड आम्हाला शोधावा लागला. टॅक्सीवाले जन्मभर याच भागात राहिलेले, पण त्यांनी हे नाव ऐकलं नव्हतं. तेही आमच्याबरोबर वाकून वाकून अक्षरं वाचत फिरले. सापडला तो दगड त्याच्या मुलानं उभारलेला. आडनाव केनेडीच, मालकांचं. भाचीनं फोटो काढला आणि सूट-टायमधल्या आजोबांसाठी कॅसलच्या पत्त्यावर पाठवायचं ठरवलं.

परतीच्या वाटेवर क्रॉसरॅगलचा मठ बाहेरूनच बघितला. क्लूनी पंथाच्या साधूंचा, तेराव्या शतकात स्थापन झालेला. भिंती अजून चांगल्या उंच आहेत. मग मेबोलमधून एअर, एअरहून दुपारची गाडी. अलोवेला बर्न्सचं गवती छपराचं घर बघायचं राहिलं. एअरपासून अगदी जवळ आहे, तुम्ही चुकवू नका.

आणखी एक. आयझेनहॉवरांच्या मजल्यावर आता पैसे देऊन राहता येतं. ताईला त्या होडीच्या पाळण्याजवळ एक रात्र काढायची होती, म्हणून भाचीनं गाडीत बसल्या बसल्या दर बघितले, रुपयांत करून ताईला दाखवले. ताईनं चष्मा लावला, आकडा वाचला, आणि टॅबलेटचा पुडा उघडला.